आगीलाही नाक लागतं

“ताई, हे भोक बुजवू नका. आगीलाबी नाक लागतं.”

आश्विनातली दुपार होती. शरदाचं निवळ ऊन न्हाणीघराच्या उंच झरोक्यातून तिरकं उतरून ओल्या फरशीवर एक चौकोनी सोनं ठेवून गेलं होतं. शिडीवर युनूसभाई, दातांत दोन स्क्रू धरून, गॅस गीझरची पांढरी पेटी भिंतीला जडवत होते. आणि खाली मी, आठव्या महिन्याचं जडशीळ पोट दोन्ही हातांनी सावरत, हसत होते.

“भाऊ, मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. आहे. आगीचं नाक, तोंड, सगळं ठाऊक आहे मला.”

“मग तर लईच बरं. खरं म्हंजे पेटी बाहेरच्या भिंतीवर पायजे होती.”

“बाहेर पावसात गंजेल ना ती.”

ते शिडीवरून उतरले. चहा प्यायले. उंबऱ्यावरून त्यांनी पुन्हा एकदा वर, त्या वीतभर झरोक्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी लेकराला शाळेत सोडून परतणारा बाप मागे वळून पाहतो, तसं.

मी ते पाहणं पाहिलं. आणि विसरले.

मग पौष आला.

निफाडचा पौष! कादवा नदीच्या पाण्यावरून धुक्याचे शुभ्र कळप उठावेत, बांधावरच्या बाभळींच्या काट्याकाट्यावर दव चढावं आणि पहाटेच्या निष्ठुर प्रहरी ते दव पानांवरच गोठून काचेची राख व्हावं. पारा चारावर, पारा तीनावर. द्राक्षाच्या मण्यांत साखर उतरण्याचे दिवस हेच, आणि थंडीनं मणी तडकण्याचे दिवसही हेच. म्हणून पहाटेपासून बागांमध्ये शेकोट्या पेटत. वेलींच्या दोन ओळींमधल्या अरुंद वाटांवर, ओल्या काटक्यांच्या, पाचटाच्या, छाटलेल्या काड्यांच्या. हिरव्या मांडवाखाली तांबडी फुलं. धूर मांडवाखालून हलकेच सरकायचा, घडांना कुशीत घ्यायचा, आणि मग दाही दिशांना मोकळा व्हायचा.

माझा नवरा केदार आणि सासूबाई तीन वाजल्यापासून तिकडे. आणि इकडे घरात मी, माझी महिन्याभराची शर्वी, आणि उजाडता उजाडता फाटकाची कडी वाजवणाऱ्या ठकूमावशी.

ठकूमावशी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालत. काळसर, हाडापेराच्या, कासोटा घट्ट खोचलेल्या. त्यांच्या तळहातांना तिळाच्या तेलाचा वास कायमचा वस्तीला आलेला. माझी आई मी अकरावीत असताना गेली. त्यानंतर माझ्या टाळूवर तेल थापणारा पहिला हात त्यांचा. पहिल्या दिवशी त्या हातानं माझं डोकं धरलं तेव्हा मी रडले होते, आणि त्या म्हणाल्या होत्या, “रड बाई. तेल डोळ्यात गेलं म्हणून सांगू.”

त्या पाटावर पाय पसरून बसत. पिंढऱ्यांवर शर्वीला पालथी घालत. वरून कढत पाण्याची धार सुटे. वाफेचं एक ऊबदार, शुभ्र, ओलं आकाश त्या चार भिंतींत उतरे, आणि त्या वाफेतून त्यांची ओवी चाले:

न्हाऊ घालते बाळाला, ऊन पाणी रांजणाचं,
गोरं अंग माझ्या बाई, जसं चांदणं अंगणाचं.

“रांजण कुठाय इथे? गीझर आहे,” मी चिडवायची.

“गीझर ओवीत बसत न्हाई गं.”

पौषाच्या दुसऱ्या आठवड्यात शर्वी शिंकली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. झरोक्यातून थंडीची एक पातळ पाती सरळ तिच्या ओल्या पाठीवर उतरत होती. तिचे ओठ थरथरले.

“ते भोक बुजव आधी,” मावशी म्हणाल्या. “बाळंतिणीचं अंग म्हंजे उघडं दार. वारं शिरलं की जल्माचं बसतं.”

मी स्टुलावर चढले. माझ्याच हातांनी चढले. शर्वीचं एक जुनं, मऊ, पिवळ्या बदकांचं दुपटं चौघडी करून झरोक्यात कोंबलं, कडेनं बोटांनी ठासलं. चार दिवस थंडीचे, मग काढू. न्हाणीघर लगेच ऊबदार झालं. माझ्या मनातली आई निश्चिंत झाली, आणि माझ्या मनातली विद्यार्थिनी गप्प बसली.

ती का गप्प बसली, हे मला आजही कळत नाही.

किती साधं, किती शहाणं ते यंत्र! नळ फिरवला की पाण्याचा दाब आतल्या रबरी पडद्याला फुगवतो. पडदा एका सळईला ढकलतो. सळई वायूची वाट मोकळी करते. दोन लहान सेलांमधून टक् टक् टक् ठिणगी झडते, आणि भप्पकन निळ्या पाकळ्यांचं एक कमळ उमलतं. पाणी वाहतं तोवर आग. पाणी थांबलं की आग विझली. जलाच्या आज्ञेत राहणारा असा अग्नी पुराणांतही सापडायचा नाही.

पण तो अग्नी श्वास घेतो. छातीभर घेतो. आपण घेतो तीच हवा, आपल्याच पंगतीला बसून. त्याला पोटभर हवा मिळाली की ज्योत निळी, नितळ, कृष्णकमळासारखी. त्याचा श्वास कोंडला की ज्योत पिवळी पडते, वेडीवाकडी जीभ काढते, आणि तिच्या अर्धपोटी जळण्यातून एक अर्धाच वायू जन्माला येतो. एका कार्बनच्या गळ्यात दोनाऐवजी एकच ऑक्सिजन.

स्वयंपाकाच्या वायूला मुळात गंध नसतो. कुणा दूरदर्शी माणसांनी त्यात मुद्दाम कुजक्या कोबीसारखी दुर्गंधी कालवली, की गळती झाली तर ती नाकाशी येऊन ओरडेल. केवढी माया त्या दुर्गंधीत! पण कोंडलेल्या आगीच्या पोटी जन्मणाऱ्या या दुसऱ्या वायूला कुणी गंध दिलेला नाही. त्याला रंग नाही. त्याच्या पावलांना आवाज नाही. तो आला, हे सांगणारं कुणी नाही.

आणि आल्यावर तो करतो काय? रक्त म्हणजे पंगत. तांबड्या पेशींचे पाट मांडलेले. प्राणवायूनं यावं, टेकावं, अंगभर हिंडून घासघास वाढावं आणि उठावं. हा आगंतुक एकदा पाटावर बसला की उठतच नाही. प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून चिवट त्याची बैठक. प्राणवायू दारात ताटकळतो, आणि आतलं घर भरल्या अन्नाशेजारी उपाशी मरतं.

तिसऱ्या वर्षाच्या पेपरात हे मी लिहिलं होतं. आकृतीसकट.

खुणा नव्हत्या का? होत्या. पाठ केलेल्या धड्यासारख्या समोर उघड्या होत्या.

गीझरच्या लहानशा काचेतून दिसणारी ज्योत पिवळी झाली होती. किती छान, केशरी, देवघरातल्या निरांजनासारखी, असं मला वाटलं. पेटीच्या तोंडावर काजळीची रेघ उमटली होती. मी ती पुसली. न्हाऊन आले की माझं डोकं ठणके, पायांत कापूस भरल्यासारखं होई. सगळे म्हणाले, बाळंतपणाचा अशक्तपणा. मावशींचंही कपाळ जड होऊ लागलं. त्या म्हणाल्या, कुणाची तरी नजर. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून निखाऱ्यांवर टाकल्या, आणि त्या तडतडल्या तेव्हा आम्हां सगळ्यांना बरं वाटलं.

आणि शर्वी? न्हाणं झालं की ती झोपे. गाढ, निश्चल, चित्रासारखी. दोन दोन तास हूं की चूं नाही.

“बघ कशी झोपली गुणाची,” मावशी अभिमानानं म्हणत. “माझ्या हाताचा गुण हाय.”

त्या झोपेकडे पाहत मी किती सुखानं बसले होते! आज ते सुख आठवलं की मी उठून खिडक्या उघडते.

तो दिवस सव्वा महिन्याचा. न्हाऊ घालण्याचा शेवटचा. आमच्याकडे रीत आहे, त्या दिवशी न्हाऊ घालणारीचा मान करायचा. तिला लुगडं-चोळी द्यायची, ओटी भरायची. मी मावशींसाठी डाळिंबी रंगाचं लुगडं आणलं होतं, हिरव्या काठाचं, पदरावर जरीचे लहान लहान मोर. ते कोरं वस्त्र पाटावर घडीत झोपलं होतं.

आधी शर्वी न्हाली. मग मी. गीझर सतत चालूच. न्हाणीच्या उंबऱ्यावर माझा पाय लटपटला, मावशींनी दंड धरला. माझ्या डोक्याला रुमाल करकचून बांधला, दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले. वारं नको. शेवटच्या दिवशीसुद्धा वारं नको.

“आता तुम्ही न्हा,” मी म्हणाले.

“मी? मी घरी न्हाते की हातपंपावर.”

“आज नाही. डोक्यावरून कढत पाणी घ्या, मग नवं लुगडं नेसा, मग ओटी.”

“मला काय नवरी करायला निघाली का तू? ह्या वयात कोण करील गं मला?”

“जा ना मावशी. चाळीस दिवस मला न्हाऊ घातलंत. एक दिवस माझं पाणी घ्या.”

त्यांनी लुगड्यावरच्या मोरावरून एक बोट फिरवलं. “ऊन पाण्याची सवय न्हाई अंगाला. इरघळून गेले तर मोरीतून शोधत बस,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

फायबरचं दार लागलं. कडी सरकली. टक् टक् टक्. भप्प.

मी शर्वीला पलंगावर निजवलं. ताम्हनात तांदूळ मोजून घेतले, नारळ पुसला, खण, हळकुंड, सुपारी मांडली. खिडकीच्या काचांवर बाहेरचं धुकं आणि आतली वाफ पाठीला पाठ लावून उभी होती. दूर बागांवरून धुराची निळी शाल सरकत होती. घर शांत होतं. कापसाच्या बोळ्यांमधून, जणू नदीच्या तळातून यावा तसा, मावशींचा सूर येत होता.

न्हाऊ घालते बाळाला, ऊन पाणी रांजणाचं...

आज त्या स्वतःलाच न्हाऊ घालत होत्या. मला हसू आलं.

गोरं अंग माझ्या बाई, जसं चांदणं...

मी शेवटच्या शब्दाची वाट पाहिली.

शब्द आला नाही.

श्वास घेत असतील. साबण डोळ्यांत गेला असेल. मी खणाची घडी सारखी केली. सुपारी ताम्हनात गोल फिरली आणि थांबली. ओवी अर्धी राहत नाही. जात्यात घातलेला दाणा आणि ओठांवर आलेली ओवी, बाया दोन्ही पुरी करतात.

मी कानांतला कापूस उपटला.

आवाज एकदम आत घुसले. पाण्याची धार फरशीवर पडते आहे, अखंड, एकसुरी. अंगावर पडणाऱ्या पाण्याचा सूर तुटतो, हा तुटत नव्हता. आणि त्याच्या मागे गीझरची घरघर. घुं. घुं. घुं. पाणी वाहतंय. म्हणजे आग पेटलीय. म्हणजे आग श्वास घेतेय. कुणाचा श्वास घेतेय?

“मावशी?”

पाणी.

“मावशी, ओ द्या!”

पाणी. पाणी. पाणी.

बाईमाणूस न्हातंय, दार कसं वाजवू, असा एक खुळा संकोच माझ्या हातात क्षणभर अडकला. तो क्षण मी अजून कुणालाही सांगितला नव्हता. मग माझ्याच कपाळातली ठणक माझ्याशी बोलली. पायांतला कापूस बोलला. शर्वीची ती चित्रासारखी झोप बोलली. आणि दातांत स्क्रू धरलेला एक आवाज, आश्विनातल्या सोनेरी चौकोनातून, स्पष्ट म्हणाला: आगीलाबी नाक लागतं, ताई.

मी धावले. दाराकडे नाही, मागच्या ओट्यावर, सिलिंडरकडे. रेग्युलेटरची कळ फिरवली. भिंतीपलीकडे घरघर एकदा गुदमरली, आणि थांबली. आग मेली. पाणी मात्र वाहत राहिलं, आता थंड, थंड होत जाणारं.

ओट्याच्या कोपऱ्यात बागेतला बांबू होता, मांडव सारखा करायचा. तो उचलून बाहेरून झरोक्यात खुपसला. एकदा. दोनदा. बदकांचं दुपटं आतून फुगलं, अडलं, आणि तिसऱ्या घावाला आत पडलं. त्या वीतभर भोकातून कोंडलेली वाफ भसकन बाहेर आली, माझ्या तोंडावरून गेली. तिला कसलाच वास नव्हता. कसलाच नव्हता.

मग दार. खांदा मारला, टाके ओरडले. लाथ मारली. फायबर वाकलं, फुटलं नाही. पुन्हा मारली. कोण जाणे कुठून आलं ते बळ, सव्वा महिन्याच्या ओल्या बाळंतिणीच्या हाडांत! चौथ्या लाथेला खालची फळी तडकली. हात आत घातला, काठांनी मनगट सोललं, बोटं कडी शोधत वर चढली, चढली, चढली. सापडली.

मावशी भिंतीला टेकून, पाटावरून कलंडून, फरशीवर. उघड्या ओठांत पाण्याचे थेंब. करडे केस मोरीकडे ओघळलेले. चेहऱ्यावर ना भीती, ना वेदना. झोप. शर्वीची झोप.

मी श्वास कोंडला. काखेत हात घातले. ओढलं. उंबरा, बोळ, स्वयंपाकघर. ओल्या अंगाची एक लांब, चकाकती वाट घरभर उमटली. मागचं दार लाथेनं उघडलं, आणि त्यांना ओट्यावरून अंगणात आणलं.

अंगणात पौष उभा होता. धारदार, पांढरा, हाडं फोडणारा. ज्या वाऱ्याला आम्ही चाळीस दिवस दाराबाहेर उभं केलं, कापसानं, रुमालानं, दुपट्यानं अडवलं, त्याच वाऱ्याच्या पायाशी मी माझी मावशी नेऊन ठेवली. घे. फुंकर घाल. तुझ्याशिवाय कुणी नाही.

पाटावरचं डाळिंबी लुगडं फरफटत आणलं, त्या उघड्या, थिजत्या देहावर पसरलं. पळत जाऊन शर्वीला उचलून आणलं. तिच्या तळपायावर टिचकी मारली. काही नाही. जोरात मारली. तिनं ओठ काढले, आणि अंगणभर, बागांभर, आभाळभर रडली. माझ्या आयुष्यात मी इतकं गोड काही ऐकलेलं नाही.

“मावशी!” मी त्यांचे गाल थोपटत होते. “मावशी, ओवी अर्धी राहिली! मावशी!”

एकशे आठला फोन केला. केदारला केला. काय बोलले, आठवत नाही. आठवतो तो त्यांच्या छातीवरचा जरीचा एक लहानसा मोर. मी त्याच्यावर नजर रोवून बसले होते. मोर निश्चल. मोर निश्चल. मोर... हलला? वाऱ्यानं हलला की आतून हलला? मी पदर तळहातानं दाबून धरला. वारा थांबवला.

मोर वर आला. खाली गेला. किती तरी वेळानं, पुन्हा वर आला.

केदार आला तेव्हा त्याच्या अंगाला शेकोट्यांचा वास होता. उघड्या आभाळाखाली पेटलेल्या, पोटभर श्वास घेतलेल्या आगीचा प्रामाणिक, धुरकट वास. मी त्याच्या शर्टात तोंड खुपसलं.

दवाखान्यात तिघींनाही नाकाला नळी लागली. डॉक्टर म्हणाल्या, तिघींच्या रक्तात तो वायू आहे, लहानगीच्याही. आणखी थोडा उशीर होता तर आजी गेल्याच होत्या. नळीतून प्राणवायू झरत राहिला. एक एक आगंतुक पाटावरून उठत गेला. एक एक पाट मोकळा होत गेला. तिसऱ्या प्रहरी मावशींनी डोळे उघडले, अंगावरच्या लुगड्याचा काठ चाचपला.

“कोरं लुगडं मातीत घातलंस गं,” त्या पुटपुटल्या. “आता ओटी कशात भरायची?”

मग बऱ्याच वेळानं, डोळे मिटून, आतल्या आत शोधत असल्यासारखं, त्यांनी एकच शब्द उच्चारला.

“...अंगणाचं.”

युनूसभाई दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी पेटी बाहेरच्या भिंतीवर बसवली, वरून पत्र्याची टोपी घातली. आता आत येतं ते फक्त ऊन पाणी. ते शिडीवरून उतरले तेव्हा मी मान खाली घालून उभी होते. ते म्हणाले, “ताई, चहा कुठाय?” तेवढंच. झरोका त्यांनी दोन बोटं रुंद केला. शर्वी आता न्हाऊन आली की तासभर हात-पाय झाडते, किंचाळते, झोपेचं नाव घेत नाही. भेटायला आल्या की मावशी कपाळावर हात मारतात, “हाताचा गुण गेला गं माझ्या.” आणि मी हसते, आणि हसता हसता शर्वीच्या छातीवर मोर शोधते.

रोज सकाळी झरोक्यातून ऊन पुन्हा उतरतं. ओल्या फरशीवर चौकोनी सोनं ठेवतं. त्या सोन्याच्या मधोमध मी तळहात धरते. वारा तळहाताला लागला, की दिवस सुरू.

तुम्ही हे वाचताय, तेव्हा तुमच्या घरात कोण न्हातंय? कुणाचं पाणी बराच वेळ एकाच सुरात पडतंय? कुणाची ओवी, कुणाचं गाणं, कुणाची शीळ मधेच थांबली? वाचन राहू द्या. उठा. दाराशी जा. हाक मारा.

ओ येईपर्यंत मारा.